पट्ट्यांचे नमुने, मुलांची दृष्टी आणि मेंदूचे श्रम

वर्गात वाचन चालू असताना एखादा विद्यार्थी पुस्तक पुन्हा पुन्हा दूर सारतो, एका डोळ्यावर तळहात ठेवतो, ओळीखाली बोट धरूनही मधली एखादी ओळ गाळतो, आणि पाठ अर्धा होतो न होतो तोच डोके दुखत असल्याची तक्रार करतो. अशा विद्यार्थ्यास आळशी, वेंधळा किंवा अभ्यासास कंटाळलेला ठरविणे फार सोपे असते. पुष्कळदा त्यास चष्म्याची गरज असते आणि डोळ्यांची तपासणी होताच प्रश्न सुटतो. परंतु चष्मा लावल्यानंतरही, किंवा दृष्टी निर्दोष असूनही, काही मुलांची ही तक्रार कायम राहते. अशा वेळी दोष मुलाच्या वृत्तीत नसतो आणि कदाचित डोळ्यांतही नसतो. डोळ्यांसमोर जे मांडलेले आहे त्याच्या रचनेत, आणि ती रचना ग्रहण करताना मेंदूवर पडणाऱ्या ताणात, त्या त्रासाचे मूळ असू शकते.

काही विशिष्ट आकृतिबंध पाहिले असता डोळ्यांस व डोक्यास अस्वस्थता वाटते, ही गोष्ट शास्त्रज्ञांना बऱ्याच काळापासून ठाऊक आहे. मात्र असे का होते आणि त्याचा मुलांच्या वाचनाशी व आरोग्याशी काय संबंध आहे, याचा उलगडा गेल्या काही दशकांतील संशोधनाने झाला. प्राथमिक शिक्षकाचा बराचसा वेळ फळा, पुस्तक, तक्ता आणि अलीकडे पडदा यांच्या साहाय्याने शिकविण्यात जातो. तेव्हा या विषयाची तोंडओळख त्यास असणे इष्ट होय.

कोणते नमुने त्रासदायक ठरतात

पट्ट्यापट्ट्यांची सतरंजी, बांबूचा पडदा, उन्हात चमकणारे पन्हळी पत्रे, काळ्या-पांढऱ्या रेघांचे कापड, या वस्तू सर्वांच्या परिचयाच्या आहेत. त्यांपैकी एखादीकडे काही क्षण एकटक पाहिले असता रेघा थरथरू लागल्याचा भास होतो. कोणास त्यांच्यामध्ये फिकट रंग दिसतात, कोणास वेड्यावाकड्या आकृत्या तरळताना दिसतात, तर कोणास मळमळल्यासारखे वाटते. वस्तू तर जागच्या जागी स्थिर असते. हालचाल दिसते ती पाहणाऱ्याच्या दृष्टियंत्रणेत उत्पन्न होते. ब्रिटिश शास्त्रज्ञ डोनाल्ड मॅके याने १९५७ साली अशा स्थिर रेघांतून निर्माण होणाऱ्या हालत्या भासांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे १९६० नंतरच्या दशकात ब्रिजेट रायली या इंग्लिश चित्रकर्त्रीने केवळ काळ्या-पांढऱ्या वक्र रेघांच्या योजनेने चित्र हलत असल्याचा भास उत्पन्न केला. तिचे १९६३ मधील 'फॉल' हे चित्र या प्रकारासाठी प्रसिद्ध आहे.

या अनुभवाचे पद्धतशीर मापन करण्याचे श्रेय ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ आर्नोल्ड विल्किन्स आणि त्यांचे सहकारी यांजकडे जाते. १९८४ साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या संशोधनात पट्ट्यांची जाडी, लांबी, गडदपणा आणि विस्तार बदलून कोणत्या पट्ट्या सर्वांत अधिक त्रास देतात हे पाहिले होते. त्यांतून पुढील गोष्टी निष्पन्न झाल्या. पट्ट्या जितक्या लांब, तितका त्रास अधिक. त्याच पट्ट्या मध्ये मध्ये तोडून चौकटी केल्या तर त्रास कमी. गडद आणि उजळ पट्ट्यांची रुंदी सारखी असेल व त्यांतील फरक ठळक असेल तर त्रास अधिक. नमुन्याने दृष्टीचे जितके क्षेत्र व्यापले असेल तितका त्रास अधिक. दोन्ही डोळ्यांनी पाहण्यापेक्षा एकाच डोळ्याने पाहिले असता त्रास कमी. एका डोळ्यावर हात ठेवून वाचणारे मूल नकळत याच शेवटच्या गोष्टीचा आश्रय घेत असण्याचा संभव आहे. ज्यांना पट्ट्यांत अधिक भास दिसतात, त्यांना डोकेदुखीचा त्रासही अधिक वेळा होतो, असेही या अभ्यासात आढळून आले.

करंगळीचे माप

पट्ट्या किती बारीक असल्या म्हणजे त्या अधिक त्रासदायक होतात, हा यातील महत्त्वाचा प्रश्न होय. याचे उत्तर केवळ सेंटिमीटरमध्ये देता येत नाही, कारण तीच पट्टी जवळून रुंद आणि दुरून अरुंद दिसते. म्हणून शास्त्रज्ञ डोळ्यापाशी होणाऱ्या कोनाचे माप घेतात. एका अंशाच्या कोनात गडद व उजळ अशा पट्ट्यांच्या सुमारे तीन जोड्या बसत असतील, तर तो नमुना सर्वांत अधिक त्रासदायक ठरतो. यापेक्षा फारच रुंद किंवा फारच बारीक पट्ट्यांचा त्रास कमी होत जातो.

एक अंश म्हणजे किती, हे समजण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. हात पूर्ण लांब करून करंगळी उभी धरली असता तिच्या रुंदीने व्यापलेला कोन जवळजवळ एक अंश भरतो. मुलाचा हात आखूड असला तरी त्याची करंगळीही त्याच प्रमाणात बारीक असल्याने हे माप मुलांनाही बहुतांशी लागू पडते. तेव्हा वर्गातील भिंत, पडदा किंवा तक्ता याकडे पाहताना करंगळीच्या आड पट्ट्यांच्या सुमारे तीन जोड्या झाकल्या जात असतील, तर तो नमुना त्रासदायक मर्यादेत आला असे समजावे.

हाच हिशेब गणिताने करावयाचा झाल्यास वस्तूच्या अंतरास ५७ ने भागावे. येणारा भागाकार म्हणजे त्या अंतरावरील एका अंशाची रुंदी होय. पुस्तक ४० सेंटिमीटर अंतरावर असेल, तर एक अंश सुमारे ७ मिलिमीटर भरतो, आणि पट्ट्यांची एक जोडी साधारण सव्वादोन मिलिमीटरची असता त्रास सर्वाधिक होतो. भिंत ५ मीटर अंतरावर असेल, तर एक अंश पावणेनऊ सेंटिमीटर आणि त्रासदायक जोडी सुमारे तीन सेंटिमीटरची येते. पन्हळी पत्र्याच्या दोन उंचवट्यांमधील अंतर सुमारे साडेसात सेंटिमीटर असते. तो पत्रा तेरा मीटरांवरून पाहिला असता, आणि तिरप्या उन्हाने त्याच्या पन्हळी ठळक झाल्या असता, नेमका याच मापाचा होतो. वरच्या इयत्तांतील विद्यार्थ्यांस कोन व प्रमाण शिकविताना हा हिशेब उदाहरणादाखल घेता येण्यासारखा आहे.

मेंदूत काय घडते

डोळा हे दृष्टीचे केवळ द्वार होय. डोळ्याच्या मागील पडद्यावर उमटलेली प्रतिमा मज्जातंतूंच्या द्वारे मेंदूच्या पाठीमागील भागात पोहोचते आणि पाहण्याचे खरे कार्य तेथे सुरू होते. या भागातील पेशी कशा काम करतात, याचा शोध डेव्हिड ह्यूबेल आणि टॉर्स्टेन वीझेल या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत लावला. मांजरावर प्रयोग करीत असताना १९५८ साली त्यांच्या असे ध्यानात आले की, मेंदूतील एक पेशी प्रकाशाच्या ठिपक्यास मुळीच दाद देत नव्हती. परंतु काचपट्टी यंत्रात सरकविताना तिच्या कडेची सावली पडद्यावर पडली, तेव्हा ती पेशी एकाएकी जोराने उद्दीपित झाली. पेशीस हवी होती एक रेघ, आणि तीही विशिष्ट दिशेची. पुढील अभ्यासात असे दिसून आले की, या भागातील निरनिराळ्या पेशी निरनिराळ्या दिशांच्या रेघा व कडा ओळखतात. काही उभ्या रेघेस दाद देतात, काही आडव्या, तर काही तिरप्या. या कार्याबद्दल त्या दोघांना १९८१ सालच्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

आता शेतातील एखादे दृश्य डोळ्यांसमोर आणावे. झाड, बांध, आकाश, बैल, माणूस यांच्या कडा अनेक दिशांच्या आणि अनेक आकारांच्या असतात. अशा दृश्याने एका वेळी थोड्याच पेशी जोराने उद्दीपित होतात व बाकीच्या बहुतेक शांत राहतात. याउलट काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या पृष्ठभागावर एकाच दिशेच्या आणि एकाच मापाच्या रेघा सर्वत्र पसरलेल्या असतात. त्यामुळे त्या दिशेस व त्या मापास दाद देणाऱ्या पेशींचा सर्व समुदाय एकदम उठतो. शंभर मुलांच्या शाळेत प्रश्न विचारल्यावर दोघातिघांनी हात वर करून उत्तर दिले, तर ते स्पष्ट ऐकू येते. सर्वांनी एकसुरात ओरडण्यास आरंभ केला, तर उत्तर कळत नाहीच, उलट कानठळ्या बसतात. पट्ट्यांमुळे मेंदूत होणारा गलबला बराचसा या दुसऱ्या प्रकारचा असतो.

मेंदूत अशा गलबल्यास आळा घालणारीही व्यवस्था असते. प्रत्येक पेशीच्या आसपास तिला आवरून धरणाऱ्या पेशी असतात. एक पेशी फार उद्दीपित झाली तर त्या तिला शांत करतात. परंतु एकाच जातीच्या पुष्कळ पेशी एकदम उठल्या, तर आवरणाऱ्या यंत्रणेवर भार पडतो आणि काही व्यक्तींच्या बाबतीत ती अपुरी ठरते. मग उद्दीपन शेजारच्या पेशींपर्यंत पसरते, आणि नसलेले रंग, आकार व हालचाल दिसू लागण्याचे कारण हेच असावे असे विल्किन्स यांचे मत आहे. मेंदूतील विद्युत्‌लहरींचे मापन केले असता ठळक पट्ट्यांच्या दर्शनाने अनेक पेशी एकाच तालात, सेकंदाला तीसहून अधिक वेळा, स्पंदू लागतात असे आढळते. सामान्य दृश्यांत ही ताललय इतकी प्रबळ नसते.

उद्दीपनास शक्ती लागते. प्रौढ माणसाचा मेंदू वजनाने शरीराच्या सुमारे दोन टक्के असतो, परंतु विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जी शक्ती खर्च करते तिच्या जवळजवळ वीस टक्के शक्ती एकटा मेंदू वापरतो. मेंदूच्या मागील भागातील रक्तामधील प्राणवायूत होणारे बदल आता डोक्यावर अवरक्त प्रकाश टाकून किंवा चुंबकीय यंत्राने मोजता येतात. अशा मापनात, डोळ्यांस न सुखावणाऱ्या नमुन्यांमुळे हा प्रतिसाद अधिक मोठा होतो असे दिसून आले आहे. ज्यांना अर्धशिशीचा विकार आहे, त्यांच्यात पट्ट्यांना मिळणारा प्रतिसाद इतरांपेक्षा अधिक असल्याचे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळले. यावरून काही संशोधक असा तर्क करतात की, अस्वस्थता ही मेंदूने दिलेली सूचनाच असावी. श्रम फार होत असल्याने नजर दुसरीकडे वळवावी, असा तिचा अर्थ असावा. हा तर्क अद्याप सिद्धान्त झालेला नाही. परंतु थकलेल्या स्नायूतील वेदना जशी विश्रांतीची सूचना देते, तसेच हे असणे असंभवनीय नाही.

निसर्गाची घडण आणि माणसाची घडण

येथे एक प्रश्न साहजिकच उद्भवतो. मेंदू इतका कुशल असताना साध्या पट्ट्यांनी तो का थकावा? याचे उत्तर त्याच्या घडणीत आहे. मानवाची दृष्टी लक्षावधी वर्षे डोंगर, झाडे, पाणी, प्राणी व चेहरे यांच्यामध्ये घडली. या दृश्यांत एक सर्वसाधारण नियम आढळतो. मोठ्या आकारांतील उजेड-काळोखाचा फरक ठळक असतो आणि आकार जसजसे बारीक होत जातात तसतसा तो फरक ठरावीक प्रमाणात क्षीण होत जातो. मेंदूची यंत्रणा अशाच दृश्यांवर कमीत कमी श्रमात काम करण्यास योग्य झालेली आहे. ज्या चित्रांत हे प्रमाण बिघडते, विशेषतः मध्यम बारीक आकारांतच सर्व ठळकपणा एकवटतो, ती चित्रे लोकांस अप्रिय वाटतात, असे फर्नांडिस व विल्किन्स यांनी २००८ साली दाखवून दिले. नगरांतील एकसारख्या खिडक्यांच्या उंच इमारती आणि मोकळे रान यांची तुलना करणाऱ्या पुढील अभ्यासांतही याच दिशेचे निष्कर्ष निघाले.

निसर्गातही काही अपवाद आहेत. कमळाचे सुकलेले बीजकोश किंवा मधमाश्यांचे पोळे पाहून काही माणसांस किळस येते किंवा अंगावर काटा उभा राहतो. जवळजवळ असलेल्या छिद्रांच्या अशा चित्रांतही तोच ठळकपणा मध्यम आकारात एकवटलेला असतो, असे कोल आणि विल्किन्स यांनी २०१३ साली नोंदविले. तेव्हा निसर्गभ्रमणात एखादे मूल पोळ्याकडे पाहून तोंड फिरवील, तर त्याची चेष्टा करू नये.

जेव्हा त्रास धोक्याचा होतो

बहुसंख्य मुलांच्या बाबतीत हा त्रास डोकेदुखी किंवा डोळ्यांचा शीण एवढाच असतो. परंतु थोड्या मुलांच्या बाबतीत परिणाम गंभीर होऊ शकतो. अपस्मार, म्हणजेच फिट येणे, या विकाराच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे तिघांना लुकलुकणाऱ्या प्रकाशाने झटका येऊ शकतो, आणि त्यांतील अनेकांना ठळक पट्ट्यांचाही अपाय होतो. हा प्रकार शाळकरी व किशोर वयात आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये अधिक आढळतो. सामान्य माणसास ज्या मापाच्या पट्ट्यांनी अस्वस्थता येते, जवळजवळ त्याच मापाच्या पट्ट्यांनी या रुग्णांच्या मेंदूत अपस्माराच्या विद्युत्‌लहरी उमटतात. ही गोष्ट विशेष लक्षात घेण्यासारखी आहे.

दिनांक १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये 'पोकेमॉन' या मुलांच्या चित्रमालिकेच्या एका भागात लाल व निळा प्रकाश सेकंदाला सुमारे बारा वेळा आलटून पालटून काही क्षण दाखविला गेला. त्यानंतर जवळजवळ ६८५ मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. त्यांतील अनेकांस यापूर्वी कधीही फिट आलेली नव्हती. या प्रसंगानंतर दूरचित्रवाणीवरील लुकलुकणाऱ्या दृश्यांवर जपानने निर्बंध घातले. ब्रिटनच्या प्रसारण नियमांत लुकलुकाटाबरोबर ठळक पट्ट्यांचाही विचार केलेला आहे.

खेड्यातील शाळेतही असा लुकलुकाट नकळत उत्पन्न होऊ शकतो. छतावरील पंखा तीन पात्यांचा असून सेकंदाला पाच फेरे करीत असेल आणि दिवा त्याच्या वर लावलेला असेल, तर खाली बसलेल्या मुलांवरील प्रकाश सेकंदाला पंधरा वेळा तुटतो. सेकंदाला साधारणतः पंधरा ते पंचवीस वेळा होणारा लुकलुकाट विशेष अपायकारक मानला जातो. दिवा पंख्याच्या पात्यांच्या वर न ठेवता बाजूस किंवा खालच्या पातळीवर लावला, म्हणजे हा दोष नाहीसा होतो. मिचमिचणारी जुनी नळी वेळीच बदलणे हेही तितकेच आवश्यक होय. जुन्या पद्धतीच्या चोकवर चालणारी नळी सेकंदाला शंभर वेळा मंद-तेजस्वी होत असते. १९८९ साली ब्रिटनमधील एका कार्यालयात अशा नळ्यांच्या जागी न लुकलुकणाऱ्या प्रकाशाची योजना केली असता डोकेदुखी व डोळ्यांच्या ताणाचे प्रमाण निम्म्याहून कमी झाले.

वर्गात एखाद्या मुलास फिट आलीच, तर शिक्षकाने घाबरून न जाता पुढील गोष्टी कराव्यात. आसपासच्या कठीण वस्तू दूर कराव्यात. डोक्याखाली मऊ कापड द्यावे. झटका ओसरताच मुलास कुशीवर वळवावे. वेळ घड्याळात पाहून ठेवावी. तोंडात चमचा, बोट, पाणी किंवा औषध यांपैकी काहीही घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. कांदा किंवा चप्पल हुंगविण्याचा काहीही उपयोग नाही. झटका पाच मिनिटांहून अधिक टिकल्यास, लागोपाठ दुसरा आल्यास, किंवा तो आयुष्यातील पहिलाच असल्यास मुलास त्वरित प्राथमिक आरोग्य केंद्रात अथवा रुग्णालयात न्यावे. फिट ही बाहेरची बाधा नसून मेंदूचा विकार आहे आणि औषधोपचाराने बहुतेक मुलांचे झटके आवरता येतात, हे पालकांस शांतपणे समजावून सांगणे हे शिक्षकाचे मोठेच कार्य होय. पडद्यावरील लुकलुकाटाने एखाद्या मुलास अस्वस्थ वाटू लागल्यास त्याने एक डोळा तळहाताने पूर्ण झाकून तोंड फिरवावे, असे त्यास शिकवून ठेवावे.

छापील पान हाही एक पट्ट्यांचा नमुनाच

पट्ट्यांचा हा विचार वाचनास कसा लागू पडतो, हे पाहू जाता प्रथम छापील पान दुरून निरखावे. अक्षरे न वाचता पाहिले असता काळ्या ओळी व त्यांमधील पांढऱ्या जागा यांचा एक पट्टेदार नमुना दिसतो. दोन ओळींच्या शिरोरेषांतील अंतर ५ मिलिमीटर असून पुस्तक ४० सेंटिमीटरवर असेल, तर एका अंशात सुमारे दीड जोडी बसते, म्हणजे हा नमुना त्रासदायक मर्यादेच्या जवळ येतो. देवनागरीत शिरोरेषा शब्दाच्या डोक्यावरून सलग जात असल्याने आडवी ओळ ठसठशीत दिसते, हे कोणाच्याही लक्षात येईल.

ओळींप्रमाणेच शब्दांतही पट्ट्या असतात. इंग्रजी लिपीतील काही शब्दांत उभ्या रेघा सारख्या अंतराने येतात. असे शब्द वाचण्यास अधिक वेळ लागतो, असे विल्किन्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली दाखविले. तसेच मुलांच्या वाचनपुस्तकांतील ठसा वयाबरोबर फार लवकर लहान केला जातो आणि ठसा मोठा ठेवल्यास मुले अधिक वेगाने वाचतात, असे २००० व २००९ साली इंग्लंडमध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांतून दिसून आले.

यावरील एक उपाय अगदी बिनखर्ची आहे. जुन्या वहीचे पुठ्ठ्याचे वेष्टण घेऊन त्यात ओळीच्या लांबीची व दोन किंवा तीन ओळी दिसतील एवढी खिडकी कापावी. हा पुठ्ठा पानावर ठेवून वाचत जावे व ओळ संपली की खाली सरकवावा. वरखालच्या ओळी झाकल्या गेल्यामुळे पट्ट्यांचा नमुनाच उरत नाही. हा उपाय विल्किन्स व निमो-स्मिथ यांनी १९८४ सालीच सुचविला होता. पुठ्ठा फिकट, एकरंगी आणि चकाकी नसलेला असावा. ज्या मुलास याचा लाभ होतो ते मूल थोड्याच दिवसांत तो आपण होऊन मागू लागते. ज्यास होत नाही त्याच्यावर तो लादू नये.

वर्गखोलीत ध्यानात ठेवावयाच्या गोष्टी

मुलांच्या नजरेसमोर दिवसभर राहणारी जागा म्हणजे फळ्याची भिंत होय. तिच्यावर ठळक पट्ट्यांच्या किनारी किंवा बारीक जाळीचे नमुने रंगवू नयेत. बोलक्या भिंती रंगविताना चित्रे व अक्षरे मोठी ठेवून भोवती साधी, फिकट जागा सोडावी. पट्ट्यांचे नमुने हवेच असतील तर ते मुलांच्या पाठीमागील भिंतीवर घ्यावेत. खिडकीच्या गजांतून किंवा बांबूच्या पडद्यातून येणाऱ्या उन्हाच्या पट्ट्या वहीवर अथवा फळ्यावर पडत असतील, तर त्या वेळेपुरती बैठक बदलावी. फळ्यावर लिहिताना ओळी दाट न लिहिता दोन ओळींत पुरेशी जागा सोडावी आणि लांबच लांब ओळीऐवजी फळ्याचे दोन भाग करून आखूड ओळी लिहाव्यात. हस्तलिखित तक्त्यांसही हाच नियम लागू पडतो.

ज्या शाळांत डिजिटल पडदा आहे, तेथे पडद्याची चमक खोलीतील उजेडाच्या मानाने फार प्रखर ठेवू नये आणि काळोख करून दाखवू नये. झपाट्याने लुकलुकणारी दृश्ये असलेल्या चित्रफिती शिक्षकाने आधी स्वतः पाहून मगच वर्गात लावाव्यात.

येथे एक इशारा देणे जरूर आहे. कोणते मूल पट्ट्यांनी अस्वस्थ होते, हे पाहण्यासाठी ठळक पट्ट्यांचे चित्र सर्व वर्गास दाखविण्याचा प्रयोग शिक्षकाने कदापि करू नये. ज्यास फिट येण्याचा संभव आहे असे मूल त्या वर्गात असू शकते.

या ज्ञानाच्या मर्यादा

नवीन कल्पना हाती आली की प्रत्येक अडचणीचे मूळ तिच्यातच शोधण्याचा मोह होतो. तो टाळला पाहिजे. वाचनात मागे पडणाऱ्या मुलांपैकी अनेकांना चष्म्याची गरज असते. काहींना ऐकू कमी येते. काहींची घरची भाषा पुस्तकाच्या भाषेहून वेगळी असते. काहींना अक्षर व उच्चार यांची सांगड घालण्यातच विशेष अडचण असते आणि ती मुख्यतः भाषाविषयक असते. रंगीत काचा किंवा रंगीत पारदर्शक कागद वापरल्याने अशा मुलांचे वाचन सुधारते, असे दावे केले गेले. परंतु अमेरिकेतील बालरोग व नेत्ररोगतज्ज्ञांच्या संस्थांनी २००९ साली संयुक्त निवेदन काढून, अध्ययन-अक्षमतेवरील उपचार म्हणून त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नसल्याचे स्पष्ट केले. तेव्हा अशा वस्तूंवर पालकांस खर्च करावयास लावू नये.

शिक्षकाचे काम निदान करण्याचे नसून निरीक्षण करण्याचे आहे. कोणते मूल, कोणत्या वेळी, कोणत्या जागी बसले असता, काय वाचताना तक्रार करते, याची टिपणे चार-सहा आठवडे ठेवावीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येईल, तेव्हा ती टिपणे त्यांच्यापुढे ठेवावीत. पथक येण्यास अवकाश असेल आणि तक्रार वाढती असेल, तर पालकांस सांगून मुलास आरोग्य केंद्रात पाठवावे. घरात कोणास अर्धशिशीचा त्रास आहे काय, हेही पालकांस विचारून ठेवावे.

मूल स्वतःच्या त्रासाचे वर्णन क्वचितच करू शकते. अक्षरे सर्वांनाच अशी हलताना दिसत असतील अशी त्याची समजूत असते, म्हणून ते बोलत नाही. आपणांस वाचता येत नाही एवढेच त्यास कळते आणि हळूहळू आपण बुद्धीनेच कमी आहोत असे त्यास वाटू लागते. अशा मुलास शिक्षकाने एकांतात जवळ घेऊन विचारावे, "वाचताना ओळी जागच्या जागी राहतात का रे, की हलतात?" या एका प्रश्नाने मुलाच्या मनावरील पुष्कळ ओझे उतरते. उत्तर काहीही आले तरी पुढची पायरी डोळ्यांची तपासणी हीच होय. त्यानंतर बसण्याची जागा, फळ्यावरील ओळी आणि पुठ्ठ्याची खिडकी या तीन गोष्टींचा क्रमाने प्रयोग करून पाहावा. त्यांस पैसा लागत नाही. लागते ती फक्त मुलाच्या तक्रारीवर विश्वास ठेवण्याची तयारी.